जांभळाचा सिरका, स्पर्धेची बाटली: सात महिन्यांच्या नोंदी

२२ जून, रविवार

सकाळी सातला इंदूरची चोइथराम मंडी गाठली. पाऊस अजून नीट लागलेला नाही, पण जांभळं आली आहेत. चार किलो मोठी घेतली, गर आणि गोडी यांच्यासाठी, आणि दोन किलो बारकी. बारकी तुरट असतात आणि रंग सोडतात. ठेलेवाला म्हणाला, "माताजी, छोटी वाली तो कोई लेता नहीं." मी घेते. सिरक्याला, म्हणजे व्हिनेगरला, अंग त्या तुरटपणानंच येतं.

यंदा ठरवूनच वही घातली आहे. गेल्या वर्षी मंडळाच्या साठवणीच्या पदार्थांच्या स्पर्धेत माझी बाटली होती. लोणची, मुरंबे, सरबतं, सिरके, सगळं एकाच टेबलावर, प्रत्येकावर करणाऱ्याचं नाव. परीक्षकांनी मिरचीच्या लोणच्यानंतर लगेच माझा सिरका चाखला आणि कागदावर एकच शब्द लिहिला: "उग्र". त्या एका शब्दानं मला वर्षभर छळलं. वास उग्र, की आंबटपणा, की गुळाची चव? यातलं काय सुधारायचं? बक्षीस नाही मिळालं याचं काही नाही. पण सहा महिने जपलेल्या वस्तूबद्दल एवढंच कळावं, हे मला पटलं नाही.

२२ जून, रात्री

जांभळं तीनदा धुतली, पंचावर पसरून कोरडी केली. गर हातानं कुस्करून काढला. मिक्सर लावला नाही, कारण बी फुटली की कडवटपणा उतरतो आणि तो पुढे कशानंही जात नाही. बोटं अजून जांभळी आहेत.

रस आणि गर मिळून साडेचार लिटरच्या आसपास. भाच्यानं दिवाळीत आणून दिलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला: १२ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण बारा ग्रॅम विरघळलेला ऐवज, त्यात बहुतेक साखर.

दोन बरण्या केल्या. 'अ' नुसत्या रसाची, तीन लिटर. 'ब' दीड लिटर, तिच्यात गूळ घालून १५ वर आणली. गेल्या वर्षी गूळ अंदाजानं घातला होता, मोजला नव्हता. 'ब' त्याच संशयासाठी आहे. दोन्ही चिनी मातीच्या, तोंडाला मलमलचा दादरा घट्ट बांधला. बरणी दोनतृतीयांशच भरली आहे, कारण गर फुगून वर येतो.

२६ जून

बुडबुडे जोरात. गराचं टोपण वर आलं आहे. दिवसातून तीन वेळा लाकडी उलथन्यानं खाली दाबते. वर कोरडं राहिलं की बुरशी धरते, म्हणून यात आळस करून चालत नाही. वास पिकलेल्या फळाचा, थोडा पावाच्या पिठासारखा.

भाच्याचा अमेरिकेहून फोन. तो घरी द्राक्षाची वाईन करतो आणि हौशी लोकांच्या स्पर्धांना पाठवतो. तिथे एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन वाईन स्वतःसाठी करता येते, विकायची मात्र नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय तसं काही करता येत नाही, आणि मला करायचंही नाही. मला सिरकाच हवा. आमच्या घरी आजीच्या वेळेपासून रामबागेच्या गच्चीवर सिरक्याची बरणी असे.

पण तो बोलता बोलता म्हणाला, "मावशी, यंदा माझ्या बाटलीचे वासात आणि आम्लात गुण गेले. सिरक्याचा वास येतोय असं लिहिलंय." मी म्हटलं, "लिहिलंय? म्हणजे कागद देतात?" तो म्हणाला, प्रत्येक बाटलीचा वेगळा कागद येतो. मी म्हटलं, मला त्याचा फोटो पाठव.

२७ जून

कागद आला. दोनदा वाचला.

वीस गुणांचा तक्ता आहे. याचं मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेतलं: मेनार्ड अ‍ॅमरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये तो बसवला. निवळपणाला २, रंगाला २, वासाला ४, उडून जाणाऱ्या आम्लाला २, असं करत वीस. उडून जाणारं आम्ल म्हणजे मुख्यतः असेटिक, म्हणजे माझा सिरकाच. तिथल्या कायद्यात विक्रीच्या लाल वाईनला लिटरमागे १.४ ग्रॅमची मर्यादा आहे, त्यापुढे ती बिघडलेली. आणि आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात आंबवून केलेल्या सिरक्यात शंभर मिलीलिटरला किमान ३.७५ ग्रॅम लागतं, म्हणजे लिटरला साडेसदतीस. त्याच्या तक्त्यात जो दोष, तोच माझ्या बरणीचा हेतू. तरीही त्या कागदातलं बाकी सगळं माझ्या कामाचं आहे.

बाटल्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक. कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या, वाईन आधी, गोड नंतर. कोणी गोड वाईन कोरड्याच्या गटात पाठवली तर ती चांगली असूनही मार खाते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. आमच्याकडे गटच नव्हते.

२ जुलै

बुडबुडे थांबले. गर खाली बसतो आहे. मलमलमधून गाळला, पिळला नाही, आपोआप गळू दिला. पिळलं की गराचा गढूळपणा उतरतो. 'अ' मधून दोन लिटर तीनशे, 'ब' मधून लिटरभर.

आता गेल्या वर्षीची चूक. तेव्हा मी जुना सिरका पहिल्याच दिवशी ताज्या रसात ओतला होता, विरजण लावल्यासारखा. पण आंबवण्याचं काम दोन पाळ्यांत चालतं. आधी यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, मग असेटिक जिवाणू त्यातून आम्ल करतात. आम्ल सुरुवातीलाच ओतलं की यीस्ट मंदावतं, साखर तशीच अडकून राहते. उग्रपणात हाही भाग असणार. यंदा थांबले, आणि आज प्रत्येक बरणीत चारास एक या हिशेबानं जुना न तापवलेला सिरका घातला, त्यावरच्या जिवाणूंच्या सायीच्या तुकड्यासकट.

रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, अर्ध्याच भरलेल्या. या जिवाणूंना हवा लागते, ते पृष्ठभागावर काम करतात. फ्रान्समधल्या ऑर्लियाँ गावची पद्धत हीच: आडवी लाकडी पिंपं अर्धवट भरून ठेवायची. लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात हे काम सजीवांचं आहे हे दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी लोक ते करतच होते, आमची आजीसुद्धा, तिला फक्त कारण ठाऊक नव्हतं.

९ जुलै

चिलटं! दादऱ्याच्या विणीतून आत गेली. एकपदरी मलमल पुरत नाही. चार पदर करून वर रबर आणि सुतळी दोन्ही. शेजारी वाटीत थोडा सिरका आणि साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवला, संध्याकाळपर्यंत वाटी काळी झाली.

१४ जुलै

'अ' वर पातळ, गुळगुळीत, पारदर्शक साय धरली आहे. बरणी हलवली की अख्खी साय हलते, दुधावरच्या सायीसारखी. ही हवी ती.

'ब' वर वेगळंच. पांढरट, भुरकट, सुरकुतलेला पापुद्रा, बोटानं स्पर्श केला तर तुटतो. हा यीस्टचा थर, सिरक्याची साय नाही. धोक्याचा नाही पण चव बिघडवतो. हिरवी, केसाळ बुरशी असती तर बरणी सरळ ओतून दिली असती. पापुद्रा चमच्यानं काढला, 'अ' मधल्या सायीचा तुकडा अलगद वर सोडला.

२५ जुलै

दोन्ही बरण्यांना नखांचं पॉलिश पुसायच्या पाण्यासारखा वास. काल रात्रीपासून अस्वस्थ होते. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, त्याच्या कागदावरच्या दोषाच्या जोडीनं येणारं हे, एथिल असिटेट. वाईनमध्ये हा वास आला की बाटली गेली. सिरक्यात मात्र काम अर्धवट असताना तो येतो, अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही हजर असतात म्हणून. काम पुढे सरकलं की कमी होतो.

बरण्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून गॅलरीत नेल्या. तिथे सावली आहे आणि हवा खेळते. पावसामुळे खोलीचं तापमान २६-२७ अंश, या जिवाणूंना अगदी मानवणारं.

२ ऑगस्ट

आज आम्लाचं पहिलं मोजमाप. मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काम केलं, ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी, हातात आलं की हात आपोआप स्थिर होतो. काचसामानाच्या दुकानातून आम्ल मारायला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, आणि आम्ल संपलं की रंग बदलून सांगणारा दर्शक, फिनॉल्फ्थॅलीन, आणलं.

दोन मिलीलिटर सिरका घेतला तर हिशेब सोपा: ब्युरेटचं वाचन गुणिले ०.३ म्हणजे आम्लाचे टक्के.

अडचण रंगाची. फिनॉल्फ्थॅलीन शेवटी गुलाबी होतं, आणि माझा द्रव आधीच गुलाबी. पहिल्या वेळी कुठे थांबायचं ते कळलंच नाही. मग तो शंभर मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ केला आणि पांढऱ्या कागदावर दोन चंचुपात्रं शेजारी ठेवली, एकात दर्शक, एकात नाही. आणि एक सुंदर गोष्ट दिसली. जांभळाचा रंग स्वतःच बोलतो. आम्लात गुलाबी, मग फिका, जवळजवळ रंगहीन, मग करडा, आणि पलीकडे गेलं की निळसर हिरवा. दर्शकाच्या पात्रात त्या करडेपणावर एका थेंबासरशी जांभळट छटा चढते आणि टिकते. तोच शेवट. तीन वेळा केलं, तिन्ही वाचनं जुळली.

'अ': ९.५ मिली, म्हणजे २.८५ टक्के. अजून सिरका म्हणायच्या लायकीचा नाही.

३० ऑगस्ट

'अ': १४.८, म्हणजे ४.४४. 'ब': १७.०, म्हणजे ५.१ टक्के. पॉलिशचा वास 'अ' मधून गेला आहे. 'ब' मध्ये नाकाला अजून जाणवतो.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

मोजलं नाही. झांक्या बघायला जेल रोडला पहाटेपर्यंत.

२० सप्टेंबर

'अ': १६.१, म्हणजे ४.८३. चव घेतली, चमचाभर पाण्यात चार थेंब. आधी आंबट, मग जांभूळ, मग जिभेच्या कडेला तुरटपणा जो हळूच सुटतो. डोळे भरून आले. गेल्या वर्षी जांभूळ कुठे सापडलंच नव्हतं.

'ब' ५.९. जोरदार, पण गुळाची चव फळावर बसली आहे. संशय खरा ठरला. स्पर्धेला 'अ' जाईल. 'ब' कांद्याच्या सिरक्याला उत्तम.

२७ सप्टेंबर

'अ': १५.९. उतरला! चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं, तेच. म्हणजे अल्कोहोल संपलं आणि जिवाणू आता आम्लच खाऊ लागले आहेत. त्यातून उरतं फक्त पाणी आणि कर्बवायू. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांतले सिरके 'जुना आहे म्हणून चांगला' करत करत फिके पडतात. आता थांबवायलाच हवं.

साय काढून वेगळ्या बरणीत ठेवली. सिरका नळीनं वरून ओढून घेतला, खालचा साका हलू दिला नाही. मग फिल्टर पेपरमधून. लिटरमागे पाऊण तास लागला.

२९ सप्टेंबर

बाटल्यांत भरला, दोनशे मिलीच्या पांढऱ्या काचेच्या, गळ्यापर्यंत, हवेला जागा नको. बर्तन बाजारातल्या खोल पातेल्यात तळाला फडकं घालून बाटल्या उभ्या केल्या, पाणी तापवलं, आतला पारा ६५ अंशांवर दहा मिनिटं. झाकणं प्लास्टिकची. गेल्या वर्षी पत्र्याचं झाकण गंजून कडेला तपकिरी वळ उमटला होता.

भाचा म्हणाला, त्याच्या स्पर्धेला ७५० मिलीची बाटली, लेबल नको, काही खूण नको. खूण असलेली बाटली बाद. मी माझ्याही बाटल्यांचे कागद सोडवून, डिंक गरम पाण्यानं काढला.

१२ ऑक्टोबर, रविवार

मंडळाच्या बैठकीला गेले. हे काम मला बरणीपेक्षा अवघड वाटत होतं. तीन मागण्या लिहून नेल्या: सिरक्याचा गट वेगळा, बाटलीवर फक्त क्रमांक, आणि प्रत्येक स्पर्धकाला गुणांचा कागद परत.

सेक्रेटरीकाका म्हणाले, "ताई, घरगुती कार्यक्रम आहे, एवढं शास्त्र कशाला? लोक दुखावतील." मी म्हटलं, लोक नाव न कळता हरले तर कमी दुखावतात. आणि दोन ओळी लिहून मिळाल्या तर पुढच्या वर्षी परत येतात. गेल्या वर्षी सिरक्याच्या पाच बाटल्या होत्या, त्यांतल्या तिघींनी मला सांगितलं होतं की आता भाग घेणार नाही. कारण हरल्याचं नव्हतं, काही कळलंच नाही हे होतं.

वाद झाला. एका वहिनींनी रास्त प्रश्न विचारला, की मी स्पर्धक आणि मीच तक्ता करणार, हे कसं चालेल? चालत नाही. ठरलं ते असं: मी मसुदा देईन, तो तिघं बघून बदलतील, आणि क्रमांक लावायचं काम स्पर्धेत नसलेल्या मुलीकडे.

१९ ऑक्टोबर

फराळाच्या धांदलीत मसुदा केला. डेव्हिसचा तक्ता तसाच उचलला नाही, कारण सिरका वाईन नाही. निवळपणा २, रंग २, वास ५, आंबटपणाचा तोल ४, फळाची किंवा मूळ पदार्थाची चव ४, तुरटपणा १, एकूण छाप २. प्रत्येक ओळीपुढे शेरा लिहायला जागा. 'उग्र' लिहायचं तर कशात उग्र, हे लिहावंच लागेल.

खाली चाखायची रीत: पांढऱ्या कागदासमोर काच धरून आधी बघणे, मग हुंगणे, मग साखरेचा चौकोनी खडा बुडवून चोखणे. दोन बाटल्यांमध्ये पाण्याची चूळ. एका बैठकीत सहापेक्षा जास्त नकोत, त्यापुढे जीभ बधिर होते. आणि सिरके लोणच्यांच्या आधी.

समितीनं रंगाचे गुण दोनच ठेवले, वासाला पाचाचे सहा करायचा आग्रह होता, तो मागे घेतला. बाकी मान्य.

७ डिसेंबर

एक बाटली उघडली. दोन महिन्यांत टोक बोथट झालं आहे, चांगल्या अर्थानं. दिवाळीआधी नाकात जायचा तो झणका आता नाही. सकाळी अकरा अंशांची थंडी, हात गारठले, पण बाटलीत कुठे नवी साय नाही.

१० जानेवारी

उरलेल्या बाटल्यांतून एक निवडली. दिव्यासमोर धरली, गडद माणकासारखी. पुसली, कागदात गुंडाळली, पिशवीत उभी ठेवली.

११ जानेवारी, रविवार

सिरक्याच्या गटात सात बाटल्या. उसाच्या तीन, गुळाची एक, सफरचंदाची एक, जांभळाच्या दोन. गेल्या वर्षी 'येणार नाही' म्हणालेल्या तिघींपैकी दोघी आल्या होत्या. बाटल्यांवर नुसते आकडे. माझी ४.

परीक्षक तीन. दोन हप्त्यांत चाखलं, चार आणि तीन. हॉलमध्ये तिळाच्या लाडवांचा वास होता, तो टाळायला एका परीक्षकांनी टेबल खिडकीकडे नेलं. मला ते फार आवडलं. कुणी न सांगता सुचलं.

उसाचा सिरका पहिला, १८ गुण. माझा दुसरा, १६. ज्यांचा पहिला आला त्या लोकमान्य नगरच्या काकूंनी आयुष्यात मोजमाप केलेलं नाही, माठात करतात, वर्षानुवर्षं तोच माठ. बाटली आरशासारखी होती.

संध्याकाळी प्रत्येकाला कागद मिळाला. लोक तिथेच पायऱ्यांवर बसून वाचत होते, एकमेकींना दाखवत होते. "तुला वासात किती?" असं चाललं होतं. जांभळाच्या दुसऱ्या बाटलीवाली मुलगी माझ्याकडे आली, तिच्या कागदावर 'पॉलिशसारखा वास' लिहिलं होतं. मी तिला २५ जुलैची नोंद सांगितली.

माझा कागद: रंग २. वास ४. तोल साडेतीन. फळ साडेतीन, शेरा 'जांभूळ स्पष्ट, शेवटी सुखद तुरट'. तुरटपणा १. छाप दीड. निवळपणा अर्धा. शेरा: 'ओतताना तळाचा साका उठला.'

वाचून आधी पटेना. फिल्टर पेपरमधून काढलेला सिरका!

१२ जानेवारी

भाच्याला कागदाचा फोटो पाठवला. त्यानं एकच विचारलं, "मावशी, तापवलंस कधी, बाटलीत भरण्याआधी की नंतर?"

नंतर. तिथेच घोळ आहे. गाळताना जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते तापल्यावर गोळा झालं आणि तीन महिन्यांत सावकाश खाली बसलं. आधी मोठ्या भांड्यात तापवायचं, दोनतीन आठवडे थंड जागी निवळू द्यायचं, वरचं काढून घ्यायचं, मग बाटलीत. वहीत २९ सप्टेंबरच्या नोंदीशेजारी लाल पेननं लिहिलं.

दुपारी गच्चीवर उरलेली एक बाटली उन्हात धरली आणि हळूच कलती केली. तळाच्या कडेवरून जांभळट धुराची एक बारीक रेघ उठली, गळ्याकडे गेली आणि विरली.